रीॲडमिशनचे दर आणि रुग्णालयांची क्रमवारी

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांच्याकडे ४० रुग्णालयांतील हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची तीन वर्षांची माहिती आहे. डिस्चार्जनंतर ३० दिवसांच्या आत किती रुग्ण पुन्हा दाखल झाले याची टक्केवारी काढून त्यांनी काय-वर्ग चाचणी (सर्वांचे दर सारखे आहेत का हे तपासणारी) लावली, पी-मूल्य (दर सारखेच असते तर इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ पेक्षा कमी आले, आणि आता व्यवस्थापनाला सर्वांत वाईट पाच रुग्णालयांची नावे हवी आहेत. ही रीत बरोबर आहे का, रुग्णांच्या गरिबीचा हिशेब धरावा का, आणि पुढील वर्षी सुधारणा झाली की नाही हे कसे ठरवावे, असे त्यांनी विचारले आहे.

काय-वर्ग चाचणीचे उत्तर चुकलेले नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. सर्व ४० रुग्णालयांचा दर तंतोतंत सारखा आहे हे गृहीतक तिने फेटाळले, आणि ते गृहीतक मुळात कोणीच खरे मानत नव्हते. हाताशी हजारो रुग्ण असले की किरकोळ फरकालाही असे पी-मूल्य मिळते. आपल्याला हवे आहे ते असे, की दिसणाऱ्या फरकातला किती भाग रुग्णांच्या आजाराच्या तीव्रतेचा, किती निव्वळ योगायोगाचा आणि किती खरोखर रुग्णालयाच्या कामाचा आहे. या क्षेत्रात काम करताना मला तिसरा वाटा जवळजवळ नेहमीच पहिल्या दोहोंपेक्षा लहान आढळला आहे. म्हणून कोणत्याही पद्धतीची पहिली कसोटी ही, की ती हा वाटा किती लहान आहे हे प्रामाणिकपणे दाखवते का.

या विषयावरचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष प्रयोग अमेरिकेत झाला आहे, म्हणून उदाहरणे तिकडचीच घेतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेडिकेअर या मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतील रुग्णांपैकी १९.६ टक्के रुग्ण ३० दिवसांत पुन्हा दाखल झाल्याचे आढळले. २०१० च्या आरोग्य कायद्याने जास्त रीॲडमिशन असणाऱ्या रुग्णालयांना दंडाची तरतूद केली आणि ऑक्टोबर २०१२ पासून दंड सुरू झाला. तो पहिल्या वर्षी मेडिकेअरच्या देयकाच्या कमाल १ टक्का होता, पुढे २ आणि मग ३ टक्के झाला. आरंभी हृदयविकाराचा झटका, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनिया हे तीनच आजार त्यात होते. नंतर सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार), गुडघा व खुब्याचे सांधेरोपण आणि बायपास यांची भर पडली. इतका पैसा पणाला लागल्यामुळे तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी प्रत्येक पायरीवर कडाडून वाद घातला आहे, आणि त्या वादांचा आपल्याला आयता उपयोग आहे.

मॉडेलकडे वळण्याआधी माहितीच्या ओळी स्वतः उघडून पाहाव्यात. ३ तारखेला रात्री अकराला एका रुग्णालयातून डिस्चार्ज आणि ४ तारखेला पहाटे एकला दुसऱ्या रुग्णालयात दाखल, अशी नोंद दिसली तर संगणक तिला रीॲडमिशन म्हणेल. प्रत्यक्षात तो बहुधा अँजिओप्लास्टीसाठी हलवलेला रुग्ण असतो. मेडिकेअरच्या नियमांत असे दोन मुक्काम एकच धरतात आणि रुग्णाला शेवटी घरी पाठवणाऱ्या रुग्णालयावर पुढच्या ३० दिवसांची जबाबदारी टाकतात. ठरवून केलेली पुढची शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी मोजणीतून वगळतात. मुक्कामातच दगावलेले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध निघून गेलेले रुग्ण छेदातून काढतात. तीस दिवसांत झालेले रीॲडमिशन पुन्हा नवा मूळ मुक्काम म्हणून मोजत नाहीत, नाहीतर वारंवार येणारा एकच रुग्ण छोट्या रुग्णालयाचा दर बिघडवतो. हे नियम बदलले की क्रमवारी बदलते, आणि ती पुष्कळदा मॉडेल बदलल्याने होते त्यापेक्षा जास्त बदलते.

आपल्याकडे यात एक मोठी भर पडते. मेडिकेअरला रुग्ण कोणत्याही रुग्णालयात गेला तरी देयकावरून कळते. भारतातील बहुतेक रुग्णालयसमूहांना फक्त आपल्याच दारात परत आलेला रुग्ण दिसतो. पुण्यात डिस्चार्ज मिळालेला तालुक्यातील रुग्ण दम लागल्यावर जवळच्या रुग्णालयात दाखल होतो आणि पुण्याच्या नोंदीत तो बरा झालेला ठरतो. त्यामुळे दूरवरून रुग्ण येणारे मोठे रुग्णालय आपोआप चांगले दिसते आणि वस्तीतले रुग्णालय वाईट दिसते. प्रश्नकर्त्यांची ४० रुग्णालये एकमेकांच्या नोंदी जोडू शकत नसतील, तर रुग्णाच्या घराचे अंतर निदान एक चल म्हणून तपासावे, आणि डिस्चार्जनंतर फोनवर पाठपुरावा होत असेल तर त्या नोंदी मिळवाव्यात. ही त्रुटी कोणत्याही रिग्रेशनने, म्हणजे अनेक चलांचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या गणिताने, भरून निघत नाही.

आता आजाराच्या तीव्रतेची जुळणी. वय, लिंग, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, मागील वर्षातले मुक्काम वगैरे चल घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन करतात, म्हणजे त्यांवरून रुग्ण परत येण्याची शक्यता काढतात. इथला एकच नियम कधीही मोडू नये: रुग्ण दाखल होतानाच जे होते तेवढेच घ्यायचे. मुक्कामात झालेला जंतुसंसर्ग, मुक्कामाचे दिवस, डिस्चार्जच्या वेळी दिलेली औषधे हे चल घेतले की मॉडेल छान जुळते, पण ज्या कामाचे मोजमाप करायचे तेच आपण पुसून टाकलेले असते. निदानाच्या यादीत संसर्ग आधीपासूनचा की मुक्कामातला हे कळत नसेल, तर मागील बारा महिन्यांच्या नोंदींचा आधार घ्यावा. एवढे करूनही मॉडेलची भाकीतक्षमता फार निघत नाही. हार्ट फेल्युअरच्या रीॲडमिशनसाठी सी-स्टॅटिस्टिक (परत येणारा आणि न येणारा रुग्ण मॉडेल किती ओळखते याचे माप) साधारण ०.६ च्या आसपास राहते, आणि ०.५ म्हणजे नाणेफेक. त्यामुळे ‘आम्ही तीव्रतेची जुळणी केली आहे’ या वाक्यावर किती भार टाकायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

जुळणीनंतर प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांचे गुणोत्तर काढण्याची रीत आहे. ती सोपी असली तरी तिच्यातला एक खड्डा फार कमी लोकांना दिसतो, म्हणून तो आकड्यांनी दाखवतो. समजा, एकूण सर्व रुग्णालयांत सौम्य रुग्णांचा रीॲडमिशन दर १० टक्के आणि गंभीर रुग्णांचा ३० टक्के आहे. ‘क’ आणि ‘ड’ या दोन रुग्णालयांचे काम अगदी सारखे आहे: दोन्हीकडे सौम्य रुग्णांत १० टक्के आणि गंभीर रुग्णांत ३६ टक्के. ‘क’कडे ९०० सौम्य आणि १०० गंभीर रुग्ण आले. प्रत्यक्ष रीॲडमिशन ९० अधिक ३६ म्हणजे १२६, अपेक्षित ९० अधिक ३० म्हणजे १२०, गुणोत्तर १.०५. ‘ड’कडे १०० सौम्य आणि ९०० गंभीर आले. प्रत्यक्ष १० अधिक ३२४ म्हणजे ३३४, अपेक्षित १० अधिक २७० म्हणजे २८०, गुणोत्तर १.१९. प्रत्येक गटात दोघांचे काम एकसारखे असताना एक जवळपास सरासरीचे ठरले आणि दुसरे दोषी ठरले. कारण हे गुणोत्तर प्रत्येक रुग्णालयाची तुलना ‘आपल्याच रुग्णांवर सरासरी रुग्णालयाने काय केले असते’ याच्याशी करते. दोन रुग्णालयांची गुणोत्तरे शेजारी ठेवून थेट एकमेकांशी ताडण्याची परवानगी ते देत नाही. रुग्णांची मिसळण फार वेगळी असेल तर दोघांना एकाच ठरावीक रुग्णसमूहावर मोजणारी प्रत्यक्ष जुळणी करावी, किंवा गंभीर आणि सौम्य गटांचे निकाल वेगवेगळे द्यावेत. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण डॉक्टरांना तो चटकन कळतो आणि ‘गंभीर रुग्णांत कमी पडतो आहोत’ हे त्यातून थेट दिसते.

योगायोगाचा हिशेब आणखी महत्त्वाचा. ‘अ’ रुग्णालयात ५० डिस्चार्जपैकी १२ रीॲडमिशन, म्हणजे २४ टक्के. ‘ब’मध्ये १,२०० पैकी २७६, म्हणजे २३ टक्के. एकूण सरासरी २० टक्के धरू. नुसत्या टक्केवारीच्या क्रमवारीत ‘अ’ जास्त वाईट. फनेल प्लॉट नावाच्या आलेखात आडव्या अक्षावर डिस्चार्जची संख्या, उभ्या अक्षावर दर आणि सरासरीभोवती संख्येनुसार अरुंद होत जाणाऱ्या मर्यादा असतात; फरक निव्वळ योगायोगाचा असेल तर दर बहुधा त्यांच्या आत राहतो. ५० डिस्चार्जसाठी ९५ टक्क्यांच्या मर्यादा साधारण ९ ते ३१ टक्के येतात. ‘अ’ निवांत आत आहे. १,२०० डिस्चार्जसाठी त्या १७.७ ते २२.३ येतात, ‘ब’ बाहेर पडले आहे. ९९.८ टक्क्यांच्या मर्यादा मात्र १६.४ ते २३.६ आहेत आणि ‘ब’ त्यांच्या आत आहे. म्हणजे ‘ब’कडे लक्ष द्यावे, नोंदी तपासाव्यात, पण ठपका ठेवू नये, इतपत पुरावा आहे. दोन्ही मर्यादा काढण्याचे कारण असे, की ४० रुग्णालये सर्वस्वी सारखी असली तरी ९५ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर एखादे तरी पडण्याची शक्यता ८७ टक्के असते.

फनेल प्लॉटचा प्रसार ज्यांच्या २००५ च्या लेखामुळे झाला त्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांनीच त्यातला पुढचा पेचही सांगितला आहे. प्रत्यक्षात मोठी रुग्णालये डझनावारी मर्यादेबाहेर पडतात, कारण जुळणीत न आलेले शेकडो लहान फरक त्यांच्या अरुंद मर्यादांना पुरून उरतात. सगळीच मोठी रुग्णालये दोषी असतील तर दोष मोजपट्टीत आहे असे समजून मर्यादा रुंद कराव्या लागतात. इंग्लंडमध्ये रुग्णालयांच्या मृत्युदरासाठी २०११ पासून प्रसिद्ध होणारा एसएचएमआय हा निर्देशांक हेच करतो: टोकाचे निकाल छाटून उरलेल्यांवरून रुग्णालयांतील जादा चढउतार मोजतो आणि तो मर्यादांत मिळवतो. रीॲडमिशनसाठीही तीच युक्ती लागू पडते.

दुसरा मार्ग रँडम इफेक्ट मॉडेलचा, आणि मेडिकेअर तोच वापरते. प्रत्येक रुग्णालयाला स्वतःचा एक स्थिरांक मिळतो, हे सर्व स्थिरांक एका सामान्य वितरणातून आले असे मानले जाते, आणि त्या वितरणाचे प्रमाण विचलन (पसरटपणाचे माप) माहितीवरूनच काढले जाते. अहवालात सर्वांत आधी मी हाच आकडा वाचतो. समजा तो लॉग-ऑड्सच्या मापात (परत येण्या-न येण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) ०.१५ आला. २० टक्के सरासरीवर याचा अर्थ असा, की मधल्या ९५ टक्के रुग्णालयांचे खरे दर १५.७ ते २५.१ टक्क्यांच्या दरम्यान असतील. रुग्णांच्या दृष्टीने हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तरीही एखादा रुग्ण परत येईल की नाही यातल्या एकूण अनिश्चिततेपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रुग्णालयाचा असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि व्यवस्थापनाला दोन्ही सांगायला हव्यात.

याच मॉडेलमुळे ‘अ’ आणि ‘ब’ यांचा क्रम उलटतो. ‘अ’च्या ५० रुग्णांतून मिळणाऱ्या माहितीची विश्वसनीयता या गणितात सुमारे १५ टक्के येते, ‘ब’ची ८१ टक्के. त्या प्रमाणात दोघांचे दर सरासरीकडे ओढले जातात: ‘अ’चा अंदाज २४ वरून २०.६ टक्क्यांवर येतो, ‘ब’चा २३ वरून फक्त २२.४ वर. मेडिकेअर रुग्णालयाचा स्वतःचा स्थिरांक धरून आलेली संख्या आणि सरासरी स्थिरांक धरून आलेली संख्या यांचे गुणोत्तर काढते, आणि ते १ पेक्षा जास्त असेल तर रीॲडमिशन जास्त मानते.

या ओढीवर एक रास्त आक्षेप आहे. लहान रुग्णालये खरोखरच वाईट असतील तर हे मॉडेल त्यांना सरासरीच्या पदराखाली लपवते, कारण पुरेशी माहिती नसलेल्याला ते ‘सरासरीसारखा’ समजते. त्यावर उपाय म्हणजे रुग्णसंख्या, तज्ज्ञांची उपलब्धता असे रुग्णालय-पातळीवरचे चल मॉडेलमध्ये घेऊन लहान रुग्णालयांना लहान रुग्णालयांच्याच सरासरीकडे ओढणे. पण मग लहान असण्याचा दोष माफ केल्यासारखे होते, आणि दंड आकारताना ते चालणार नाही. रुग्णाला सल्ला द्यायचा असेल तर हे चल घ्यावेत, रुग्णालयाला जबाबदार धरायचे असेल तर घेऊ नयेत, असे माझे मत आहे. दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. गंभीर रुग्ण आणि रुग्णालयाचा दर्जा यांचा परस्परसंबंध असेल, उदाहरणार्थ गंभीर रुग्ण चांगल्या रुग्णालयातच जात असतील, तर रँडम इफेक्ट मॉडेलचे तीव्रतेचे गुणक चुकतात. मिशिगन विद्यापीठातील जॉन काल्बफ्लाइश आणि सहकाऱ्यांनी याच कारणाने फिक्स्ड इफेक्ट मॉडेलचा (ज्यात रुग्णालयांचे स्थिरांक एकाच वितरणातून आले असे मानत नाहीत) आग्रह धरला. प्रत्येक रुग्णालयातील तीव्रतेची सरासरी हा वेगळा चल म्हणून घालून पाहिल्यास अडचण आहे की नाही हे कळते. ४० रुग्णालयांच्या माहितीवर हे काम काही मिनिटांचे आहे.

‘सर्वांत वाईट पाच’ या मागणीला आता उत्तर देता येते. मॉडेलच्या अंदाजांतून हजारो वेळा नमुने काढावेत आणि प्रत्येक वेळी क्रमवारी लावून प्रत्येक रुग्णालयाचा क्रमांक कुठून कुठवर हलतो ते पाहावे. मधल्या रुग्णालयांचे क्रमांक इतके दूरवर हलतात, की बारावे आणि अठ्ठाविसावे यांत फरक करण्याला काही आधार उरत नाही. टोकाची दोनतीन रुग्णालये मात्र बऱ्याचदा टोकाशीच राहतात. म्हणून पाच नावे देऊ नयेत. प्रत्येक रुग्णालयाचा खरा दर सरासरीहून, समजा, दोन टक्के-बिंदूंनी (२० ऐवजी २२) जास्त असण्याची शक्यता किती, हा आकडा द्यावा. ज्यांच्यासाठी ती ९० टक्क्यांहून जास्त निघते ती रुग्णालये पाच असोत, दोन असोत की एकही नसो, तीच यादी. व्यवस्थापनाला पाचाचा आकडा आवडतो तो बैठकीत सोयीचा असतो म्हणून. माहितीत तो कुठेच नसतो.

मृत्यूकडे दुर्लक्ष केले तर वरचे सगळे गणित उलटे बोलू शकते. डिस्चार्जनंतर दहाव्या दिवशी घरी दगावलेला रुग्ण पुन्हा दाखल होत नाही, आणि रुग्णालयाचा रीॲडमिशन दर सुधारतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या ज्या रुग्णालयांत रीॲडमिशन जास्त, तिथे मृत्यू कमी असे आढळले होते. दंड सुरू झाल्यानंतर हार्ट फेल्युअर व न्यूमोनियाच्या रुग्णांत डिस्चार्जनंतरचे मृत्यू वाढले असा निष्कर्ष २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासाने काढला. इतर काही विश्लेषणांना तो मान्य नाही, आणि वाद मिटलेला नाही. आपल्यापुरता सोपा मार्ग असा, की ‘तीस दिवसांत मृत्यू किंवा रीॲडमिशन’ हा एकत्रित परिणाम आणि दोन्ही वेगवेगळे, असे तीन निकाल शेजारी द्यावेत. तीस दिवसांपैकी रुग्ण जिवंत व घरी किती दिवस होता हे मोजमाप त्याहून बोलके आहे. दिवसागणिक माहिती असेल तर स्पर्धात्मक जोखमीची मॉडेलेही (मृत्यूमुळे रीॲडमिशन अशक्य होते हे हिशेबात धरणारी) वापरता येतील. नुसत्या कॅप्लान-मायर आलेखात (अजून दाखल न झालेल्यांचे प्रमाण दिवसागणिक दाखवणाऱ्या) मृतांना ‘माहिती तुटलेले’ धरणे मात्र टाळावे. दगावलेला रुग्ण उद्या दाखल होऊ शकतो असे त्यात गृहीत धरले जाते.

गरिबीचा हिशेब हा दुसरा प्रश्न. घरी कमी मिठाचा स्वयंपाक होत नाही, वजनाचा काटा नाही, औषधे महिन्याच्या मध्यावर संपतात, यांमुळे रुग्ण परत येतो आणि त्यावर रुग्णालयाचा पूर्ण ताबा नसतो. म्हणून जुळणी करावी असा एक पक्ष आहे. जुळणी केली तर गरिबांना मिळणारी कमी दर्जाची सेवा गणितात अदृश्य होते, असा दुसरा पक्ष आहे. अमेरिकेने २०१६ च्या कायद्याने मधला मार्ग काढला: रुग्णाच्या पातळीवरचे मॉडेल तसेच ठेवले, पण मेडिकेअर आणि मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी योजना) या दोन्ही योजनांत असणाऱ्या रुग्णांच्या प्रमाणानुसार रुग्णालयांचे पाच गट केले आणि २०१९ च्या आर्थिक वर्षापासून प्रत्येकाची तुलना आपल्या गटाच्या मध्यकाशी (क्रमाने मधोमध येणाऱ्या मूल्याशी) होऊ लागली. प्रश्नकर्त्यांनी दोन्ही निकाल काढावेत, जुळणीसह आणि जुळणीविना. जिथे दोन्हींत मोठा फरक पडतो ती रुग्णालये पाठपुराव्याच्या खर्चासाठी निवडावीत. ४० रुग्णालयांचे पाच गट करू नयेत. गटात आठच उरतील आणि मध्यक डोलत राहील.

पुढील वर्षाच्या सुधारणेबाबत सांगायचे, तर यंदा टोकाला असलेले रुग्णालय पुढच्या वर्षी काहीही न करता सरासरीकडे सरकेल, कारण त्याच्या टोकाला असण्यात योगायोगाचा वाटा होता. वरच्या गणितात ‘अ’ला २४ वरून २०.६ पर्यंत येण्यासाठी एकही परिचारिका नेमावी लागत नाही. म्हणून तुलना कच्च्या दरांची न करता ओढून आलेल्या अंदाजांशी करावी, किंवा हस्तक्षेप झालेल्या रुग्णालयांच्या जोडीने तितकीच टोकाची पण हस्तक्षेप न झालेली रुग्णालये ठेवावीत. नोंदणीची रीत बदलली का हेही पाहावे. अमेरिकेत २०११ च्या सुमारास देयकावर निदानाच्या संकेतांसाठी सुमारे दहाऐवजी पंचवीस जागा मिळू लागल्या. रुग्ण कागदावर अधिक आजारी दिसू लागले, अपेक्षित दर वाढले, आणि जुळणी केलेल्या दरांतील दिसणाऱ्या घटीचा बराच भाग यातून आल्याचे नंतरच्या विश्लेषणांत आढळले. ४० पैकी काही रुग्णालयांत यंदा नवे सॉफ्टवेअर आले असेल, तर प्रति रुग्ण निदानांची सरासरी संख्या महिन्यागणिक आखून पाहावी. ती एखाद्या महिन्यात एकदम उडी मारत असेल, तर त्या रुग्णालयासाठी आधीच्या व नंतरच्या दोन्ही काळांत मिळणारे मोजकेच चल घेऊन मॉडेल पुन्हा चालवावे. वय, लिंग आणि मागील वर्षातले मुक्काम हे तीन बहुधा पुरतात.